सॅक्सनी टिकलं कसं?

आज जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनमध्ये, फ्युर्स्टेन्त्सुग म्हणजे ‘राजांची मिरवणूक’ या भित्तिचित्रासमोर बराच वेळ रेंगाळलो. माइसेनच्या पोर्सिलेनच्या सुमारे 23,000 टाइल्स, 102 मीटर लांब भिंत आणि तिच्यावर घोड्यांवरून निघालेले सॅक्सनीचे जवळजवळ सगळे राज्यकर्ते. ऑगस्ट द स्ट्राँग या राज्यकर्त्याच्या घोड्याच्या टापेखाली एक गुलाब, म्हणजे ल्युथरचं चिन्ह, चिरडलेला आहे. पोलंडच्या गादीसाठी त्याने ल्युथरचा प्रोटेस्टंट पंथ सोडला, ती ही खूण, असं सांगतात.

माझी नजर मात्र फ्रीडरिश ऑगस्ट पहिला याच्यावर खिळली. 1806 मध्ये नेपोलियनमुळे राजा झाला आणि त्याची साथ सोडायला त्याला फार उशीर झाला. 1813 ला लाइपझिगच्या लढाईत त्याचंच सैन्य ऐन रणात शत्रूला जाऊन मिळालं, राजा कैद झाला. शेजारच्या प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याला अख्खं सॅक्सनी गिळायचं होतं. ते वाचलं ते ऑस्ट्रिया, ब्रिटन आणि फ्रान्सला प्रशिया इतका मोठा झालेला नको होता म्हणून! तरी निम्म्याहून जास्त मुलूख गेलाच. नकाशावर रेघ ओढली आणि कालचे सॅक्सन लोक एका रात्रीत प्रशियन. त्यांना कोणी विचारलंही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1866 मध्ये प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात सॅक्सनी पुन्हा हरणाऱ्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बाजूला. हॅनोव्हरचं राज्य प्रशियाने खालसा केलं. सॅक्सनी ऑस्ट्रियाच्या आग्रहामुळे तगलं. तेव्हाचा राजा योहान म्हणजे दान्तेचं महाकाव्य जर्मनमध्ये आणणारा पंडित. मला हा माणूस मनापासून आवडतो.

शेवटचा राजा 1918 मध्ये पायउतार झाला. तो या भिंतीवर नाही.