पाखऱ्याचं डावं शिंग

रक्त डाव्याच नाकपुडीतून येत होतं. उजवी स्वच्छ होती. बॅटरीच्या उजेडात मी दोनदा बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

"पंधरा दिस झाले, ताई," बैलाचा मालक सांगत होता. "आधी वाटलं सर्दी. हळद-गूळ चारला, लिंबाच्या पाल्याची धुरी दिली. आता मान बी वाकडी धरायलाय. गाडीला जुपलं की डोकं झटकायलाय नुसतं."

डाव्या शिंगाच्या बुडाशी मी तळवा ठेवला. उजव्यापेक्षा गरम लागलं. बोटाच्या पेरानं हलकंच वाजवलं, तर पोकळ आवाज येण्याऐवजी भरल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. जरासं दाबलं आणि शिंग हललं. खिलार बैलाचं हातभर लांब, मागं जाऊन वर वळलेलं शिंग, आणि ते लहान पोराच्या दुधाच्या दातासारखं हललं. पाखऱ्या कण्हला. मालकानं दोन्ही हातांनी त्याचं तोंड छातीशी धरलं.

जानेवारीतली संध्याकाळ होती, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. मालक बीड जिल्ह्यातला. नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, आणि कारखान्याची टायरगाडी. गाडी कारखान्याची असली तरी बैल स्वतःचे. पाखऱ्या आणि हरण्या, दोन्ही पांढरेशुभ्र, दोघांच्या शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या. कोणीतरी सांगितलं, कालव्याच्या कडेला एक घर आहे, तिथं आजारी जनावरं बघतात. म्हणून गाडी अड्ड्यावर सोडून तो दोघांनाही चालवत घेऊन आला होता. एकट्या पाखऱ्याला का नाही आणलं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "हरण्याबिगर त्यो पाऊल टाकत नाही."

आमचं घर फलटण तालुक्यात, निरेच्या उजव्या कालव्याखाली. आप्पा, आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि मी. 2013च्या दुष्काळात आप्पा माण तालुक्यातल्या एका चारा छावणीवर वैरण पोचवायला जायचे. पाऊस पडला, छावणी उठली, लोक आपापली जनावरं घेऊन गेले, आणि दोन भाकड गाई खुंट्यालाच राहिल्या. त्यांना न्यायला कोणी आलं नाही. आप्पा त्यांना घरी घेऊन आले. सुरुवात एवढीच. आज दावणीला एकेचाळीस जनावरं आहेत. सतरा बैल, बाकी गाई, तीन रेडे, वीटभट्टीवरून आणलेली दोन गाढवं, एक आंधळी शेळी. कोंबड्या वेगळ्या, त्या मोजत नाही.

इतके बैल का, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. 1976च्या कायद्यात दुरुस्ती होऊन 2015 साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. जनावर वाचलं, पण ते थकल्यावर त्याच्यापुढे वैरण कोण टाकणार, हा प्रश्न दोन-तीन एकरवाल्याच्या गोठ्यातच राहिला. मोठं जनावर दिवसाला पंचवीस-तीस किलो ओली वैरण खातं. कमाई बंद झालेला बैल पोसायचा म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी ताटातलं काढायचं. आमच्या फाटकाशी बैल सोडून जाणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांतली बहुतेक रडत गेली आहेत. त्यांना निर्दय म्हणणाऱ्यांशी मी आजवर भांडत आले आहे.

रात्री डॉक्टरांना फोन केला. एकाच नाकपुडीतून रक्त, शिंग गरम, हलतंय, आवाज बद्द. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिंगाचा कॅन्सर असणार. सकाळी आठला येतो. आत्तापासून वैरण बंद ठेवा, पहाटेपासून पाणीही."

मालकाला मी ओट्यावर बसवून समजावून सांगितलं. बैलाचं शिंग बाहेरून टणक असलं तरी आत हाडाचा गाभा असतो, आणि तो गाभा आतून पोकळ. ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली असते आणि तिथून पुढे नाकाला. म्हणून शिंगाच्या आत काही सडलं की ते त्याच बाजूच्या नाकपुडीतून खाली येतं. तो ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "शिंग काढलं तर बैल ऱ्हाईल का?"

"बहुतेक राहील," मी म्हणाले. 'नक्की राहील' म्हणायला जीभ वळली नाही.

रात्री पाखऱ्याला उपाशी ठेवायचं, म्हणून हरण्याला पलीकडच्या खुंट्याला बांधून पुढं कडबा टाकला. सकाळी बघते तर कडबा तसाच. एका काडीलाही त्यानं तोंड लावलं नव्हतं. दाव्याला ताण देऊन तो रात्रभर पाखऱ्याच्या बाजूला तोंड करून उभा होता. खालच्या मातीत त्याच्या खुरांनी खड्डा पडला होता.

आमची सकाळ साडेचारला सुरू होते. भाऊ शेण काढतो, वहिनी कुट्टीचं मशीन चालवते, कारण म्हाताऱ्या बैलांना दातच उरलेले नसतात, त्यांना अख्खी पेंढी देऊन उपयोग नाही. आई गव्हाणी झाडते आणि झाडता झाडता प्रत्येकाच्या कपाळावरून हात फिरवते. कोणाच्या अंगाला कसर आहे, कोणी रवंथ करत नाही, हे तिला हातालाच कळतं. 2022 साली लम्पी आला, तेव्हा पहिली गाठ तिच्याच बोटांना लागली होती. त्या सकाळी मात्र सगळी कामं सातच्या आत उरकली. कोणी फारसं बोललं नाही.

डॉक्टर आले, तपासलं, मान हलवली. पाखऱ्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. बैलाला हे औषध फार थोडं लागतं, घोड्याला जेवढं देतात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. काही मिनिटांत त्याची मान खाली आली, तोंडातून लाळ गळायला लागली. दोरी टाकून त्याला पेंढ्यावर हळूच बसवला आणि दोन्ही बाजूंनी पोती लावली. आडवा पडू द्यायचा नव्हता, नाहीतर पोट फुगतं. माझं काम एकच. त्याचं नाकाड खालच्या बाजूला धरून ठेवायचं, म्हणजे लाळ श्वासनलिकेत न जाता बाहेर पडेल, आणि श्वास मोजत राहायचं.

डोळ्याच्या मागून शिंगाकडे हाडाची एक कड जाते, तिच्याखालून शिंगाची संवेदना नेणारी शीर जाते. तिथं डॉक्टरांनी बधिरतेचं इंजेक्शन दिलं. मग बुडाभोवतीची कातडी कापून मागं सोडवली आणि तारेची करवत लावली. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला माझा भाऊ. तार हाडावर घासायला लागली तसा धूर निघाला. जळक्या शिंगाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. वहिनी तारेवर पाण्याची धार सोडत होती. मी श्वास मोजत होते. बारा, चौदा, बारा.

शिंग सुटलं तेव्हा रक्ताची चिळकांडी माझ्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेली. डॉक्टरांनी चिमट्यात रक्तवाहिनी पकडून बांधली, मग दुसरी. आत बघितलं तर पोकळी राहिलीच नव्हती. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं गुलाबी-करडं मांस ठासून भरलेलं, मध्ये मध्ये सडलेलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. हे डोक्यात घेऊन हा बैल पंधरा दिवस उसाची गाडी ओढत होता. त्याहूनही जास्त दिवस असतील, रक्त दिसायला लागून पंधरा झाले एवढंच.

डॉक्टर कपाळाच्या पोकळीपर्यंत खरवडून काढत राहिले. जवळजवळ अर्धा तास. "बुडापर्यंत आलंय," एवढंच म्हणाले. एक तुकडा तपासणीसाठी फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला. मग आयोडीनमध्ये भिजवलेली पट्टी आत भरली, कातडी ओढून टाके घातले, आणि उजव्या शिंगाला वळसे घेऊन आठच्या आकड्यासारखं बँडेज बांधलं. दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टिन द्यायचं ठरलं. माणसांच्या कॅन्सरवर वापरतात तेच औषध.

ज्यांच्या दावणीला बैल आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बैल शिंग झाडाला नाहीतर खांबाला घासायला लागला, मान एका बाजूला कलती धरायला लागला, तर त्याच दिवशी दोन्ही शिंगांच्या बुडाला हात लावून बघा. पाच ते दहा वर्षांच्या, ऐन कामाच्या बैलाला हा रोग जास्त होतो. लवकर शिंग काढलं तर बहुतेक जनावर वाचतं.

मालक सगळा वेळ पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उकिडवा बसला होता. कापलेलं शिंग पेंढ्यावर पडलेलं. त्यानं ते उचललं, टोकाची शेंबी पिळून पिळून काढली, टॉवेलनं पुसली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

त्यानंतर तो आप्पांकडे आला. आत्तापर्यंत जे लिहिलं ते मी आधीही बघितलेलं होतं. यापुढचं नव्हतं.

"आप्पा, एक मागायचं होतं." त्याचा मोबाइल सकाळपासून वाजत होता, मुकादमाचा. "आगाऊ उचल घेतलीय. अजून दोन महिने हंगाम हाय. एका बैलावर गाडी चालत नाही. तुमचा त्यो कोपऱ्यातला बैल ताकदीचा दिसतोय. हंगामापुरता द्या. रोज उसाच्या वाढ्याची मोळी आणून टाकतो. जिवापाड जपीन."

कोपऱ्यातला म्हणजे चिमण्या. सात वर्षांचा, धडधाकट. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर जू घासून पडलेली जखम इतकी खोल होती की माझी चार बोटं आत जायची. ती भरायला पाच महिने लागले. आमच्या घरात एकच नियम आहे, आणि तो आईनं घालून दिलेला आहे. इथं आलेल्याच्या खांद्यावर पुन्हा जू ठेवायचं नाही.

आप्पा खाली बघत राहिले. मी चिमण्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. त्याच्या तळहातांना पाचटानं पडलेल्या चिरा होत्या, आमच्या पाखऱ्याचं रक्त त्यांत सुकलेलं. होय, 'आमच्या' म्हणाले मी, मनात, तेव्हाच. बैल आमचा झाला होता आणि कर्ज त्याचं राहिलं होतं. बैल पडला तर त्याचा सगळा तोटा तोडणाऱ्या माणसाच्या अंगावर पडतो, हे मला कधीच पटलेलं नाही. कारखान्याचा ऊस त्या बैलानं वाहिला होता.

"देता येत नाही, दादा," शेवटी आईच बोलली. आवाज कापत होता तिचा. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. ह्या जनावराला मी शब्द दिलाय."

त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही. त्यानं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आईनं त्याला जेवायला वाढलं, बायको-पोरांसाठी भाकरी आणि पिठलं बांधून दिलं, वर पायलीभर ज्वारी. तो हरण्याचं दावं सोडून त्याला घेऊन निघाला. हरण्या फाटकापर्यंत गेला आणि थांबला. दावं ओढलं, हाकारलं, हलेना. मग मालकानं खिशातली शेंबी काढून त्याच्या नाकापुढं धरली. हरण्यानं ती हुंगली, बराच वेळ हुंगली, आणि निघाला. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

चार दिवसांनी मालकाचा फोन आला. टोळीतल्या एकाचा बैल लंगडा झाला होता. त्याचा उरलेला आणि हरण्या, अशी जोडी जुळवली होती. हरण्याला उजवीकडं चालायची सवय आणि नवा बैलही उजवीकडचाच, म्हणून पहिले दोन दिवस गाडी नुसती वेडीवाकडी गेली. आता जमतंय, म्हणाला. कमाई दोघांत अर्धी अर्धी. मग विचारलं, "नाकातून काही येतंय का त्याच्या?"

"नाही," मी म्हणाले. तोपर्यंत खरंच येत नव्हतं. त्याच सकाळी बँडेज सोडलं तेव्हा मी जखमेला नाक लावून वास घेतला होता. आयोडीनचाच वास होता.

तपासणीचा अहवाल आला, कॅन्सरच निघाला. व्हिन्क्रिस्टिनचे दोन डोस झालेत. पाखऱ्या वैरण खातो, रवंथ करतो, पण उजवं शिंग जड पडल्यासारखी मान अजून त्या बाजूला कलते. पुढं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

चिमण्याला द्यायला नको म्हटल्यावर मोळीचा प्रश्नच नव्हता. तरी एक दिवसाआड, पहाटे चारच्या सुमाराला, कारखान्यावर माप देऊन रिकाम्या गाड्या परततात, तेव्हा आमच्या फाटकाशी वाढ्याची एक मोळी पडते. गाडी थांबत नाही, नुसती हळू होते. हरण्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज कालव्याच्या पुलावर आला की गोठ्यात पाखऱ्या उठून उभा राहतो.