हजेरीच्या वहीतली पट्टी

जूनच्या अखेरीस, भर पावसात, खानापूरच्या बसमधून तंबोऱ्याला मेणकापडात गुंडाळून मी बेळगावात उतरले, तेव्हा वसतिगृहाच्या फाटकावरच्या मावशींनी सवयीने नव्या मुलींच्या नोंदीचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. पदवीची ३ वर्षे मी याच इमारतीत काढली होती आणि मधले एक वर्ष गावी राहून मुलांना पेटी शिकवली होती. आता एम.ए.साठी परत येताना मी केवळ विद्यार्थिनी नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या ३२ मुलींची निवासी साहाय्यक म्हणून माझी नेमणूक झाली होती. खोलीचे भाडे माफ, मेसचे पैसे मात्र स्वतःचे, असा हा व्यवहार आहे. रात्री साडेआठला हजेरी घेणे, गावी जाणाऱ्या मुलींच्या पासवर सही करणे, गीझर बिघडला की वायरमनला फोन करणे आणि ताप आलेल्या मुलीला रिक्षाने डॉक्टरांकडे नेणे ही कामे कोणालाही आठवड्याभरात अंगवळणी पडतील, म्हणून त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

माझ्या मजल्यावर निपाणी, खानापूर आणि चंदगडकडच्या मराठी मुली आहेत, तशाच गोकाक, अथणी, रायबागच्या कानडी मुलीही आहेत. पहिल्या गटाची मी ताई आणि दुसऱ्या गटाची अक्का. घरी ‘मी आलो, मी जेवलो’ असे बोलणारी आमच्याकडची मुलगी पुण्याच्या पाहुण्यांसमोर ‘आले, जेवले’ म्हणताना जशी अडखळते, तशीच मी कानडीत सूचना देताना अडखळते आणि त्यावर सगळा मजला मनमुराद हसतो. गाण्यात मात्र ही अडचण येत नाही, कारण ब्रज भाषेतली बंदिश आमच्यापैकी कोणाचीच मातृभाषा नाही. एकाच खोलीतल्या दोघींपैकी एक स्वरलेखन देवनागरीत करते आणि दुसरी कानडी लिपीत. परीक्षेच्या आदल्या रात्री वह्यांची अदलाबदल होते, तेव्हा लिपी न येणारीसुद्धा तालाच्या मात्रांच्या खुणांवरून वाट काढते. ज्या मुलखातल्या भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदे सारख्याच आत्मीयतेने गायिली, तिथे याचे नवल वाटू नये.

खरा प्रश्न भाषेचा नव्हता, तो पहाटेचा होता. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, आणि खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांचा, रियाज तर पहाटेच करायचा, असे प्रत्येक गुरूने प्रत्येक शिष्याला सांगितलेले असते. आमच्या मजल्यावर संगीताच्या ११ जणी आहेत; उरलेल्यांत वाणिज्य शाखेच्या मुली आहेत आणि रात्रपाळी करून सकाळी झोपायला येणाऱ्या नर्सिंगच्याही आहेत. विद्यार्थिनी असताना मी स्वतः दार बंद करून, उशीत तोंड खुपसून मंद्र सप्तकातला षड्ज, म्हणजे खालचा सा, लावलेला आहे, आणि त्यापायी तक्रार झाली तेव्हा शेजारच्या मुलींना अरसिक ठरवून मोकळीही झाले आहे. यंदा तक्रारीचे पहिले कागद माझ्याच हाती आले, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

पहिले ४ दिवस मी नुसते ऐकले. पहाटे बोळातून अनवाणी फिरताना मला जे कळले, ते इतकी वर्षे गाऊनही कळले नव्हते. तानांचा आवाज दाराशी बराचसा अडतो, पण खर्ज भिंत ओलांडून जातो, कारण खालचे स्वर भिंतींना सहज दाद देत नाहीत. तबल्याच्या डग्ग्याची घुमार तर फरशीतूनच प्रवास करते आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या मुलीच्या खाटेपर्यंत पोहोचते. त्यामुळे ‘हळू गा’ या सूचनेला काहीच अर्थ नव्हता. जो आवाज आम्हांला सर्वांत सौम्य वाटत होता, तोच सर्वांत लांब जात होता.

जिन्याखाली जुन्या कापसाच्या गाद्या टाकून ठेवलेली सामानाची खोली होती. मुख्य वॉर्डन मॅडमकडून तिची किल्ली मिळवली, दोन रविवार झाडलोट केली आणि त्याच गाद्या सुतळीने बांधून भिंतींना उभ्या लावल्या. तबला वाजवणाऱ्या दोघींना चुंबळीखाली घडी घातलेले घोंगडे घेणे सक्तीचे केले. घोंगडे माझ्या आजोबांचे आहे आणि त्याला मेंढरांचा वास येतो, अशी तक्रार अजूनही अधूनमधून येत असते. ती मी नोंदवून घेत नाही. खोलीत एका वेळी तिघीच मावतात, म्हणून पाऊण तासाच्या पाळ्या लावाव्या लागल्या, आणि पाळ्या लावताना पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला सा धरून कोण गाते याचा, विचार करावा लागला. काळी चारला गाणारीच्या शेजारी पांढरी पाचवाली बसली, तर अर्ध्या स्वराच्या अंतराने दोन तंबोरे एकमेकांशी भांडत राहतात आणि दोघींचेही कान बिघडतात. म्हणून रोजच्या हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे मी तिची पट्टी लिहून ठेवली.

या नोंदींमुळेच पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या लक्षात आली. तिची पट्टी काळी चार अशी लिहिलेली होती, पण तिच्या पाळीला खोलीतून नुसता तंबोरा ऐकू येई. सलग तिसऱ्या दिवशी मी आत गेले, तेव्हा ती तारा छेडत गप्प बसली होती. गावच्या भजनी मंडळात मोठ्या आवाजात गाऊन नाव मिळवलेली ही मुलगी, इथे आल्यावर आवाज लागत नाही म्हणून घाबरली होती, आणि बरोबरीच्या मुली काळी चारला गातात म्हणून तिनेही तीच पट्टी धरली होती. अशा वेळी आमच्या भागात हमखास गंगूबाई हनगल यांचे उदाहरण दिले जाते. घशाच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज पार खाली आला आणि तोच पुढे त्यांची ओळख झाला, हे सारे खरे आहे; पण घाबरलेल्या १८ वर्षांच्या मुलीला गंगूबाईंचे नाव सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय, असे माझे मत आहे. मी तिच्याशी काहीच बोलले नाही. खुंट्या सैल करून तंबोरा काळी तीनवर, म्हणजे एक स्वर खाली, आणला. खुंट्या घसरत होत्या, त्यामुळे त्यांना खडू लावावा लागला. तारा उतरल्यावर जवारी, म्हणजे तारांची झंकार, बोथट झाली, म्हणून घोडीवरचे चारही दोरे पुन्हा सरकवावे लागले. या खटाटोपात तिच्या पाळीची ३० मिनिटे गेली. उरलेल्या १५ मिनिटांत तिने षड्ज लावला आणि तो पाळी संपेपर्यंत धरून ठेवला; मध्ये दोनदा थांबली, ती रडण्यासाठी की श्वासासाठी, हे मी विचारले नाही.

खर्ज ती अजूनही ओढूनताणूनच गाते, आणि काळी तीन हीच तिची खरी पट्टी आहे की नाही, ते तिचे गुरुजी ठरवतील. माझ्या स्वतःच्या रियाजाला वेळापत्रकात जागा उरली नाही, म्हणून मी सव्वाचारला उठते, आणि घरी फोनवर विचारले की झोप पुरेशी मिळते, असे सांगते.

गेल्या सोमवारी वॉर्डन मॅडमनी हजेरीच्या वह्या तपासायला मागवल्या आणि तासाभरात मला कार्यालयात बोलावले. त्यांनी माझी वही उघडून एका नावावर बोट ठेवले आणि गंभीरपणे विचारले, “या मुलीवर ३ वेळा कारवाई झाली, आणि मला कळवलेसुद्धा नाही?” नावापुढे मी ‘का. ३’ असे लिहिले होते. शेजारच्या पानावर ५ वेळा कारवाई झालेल्या दोघी होत्या. मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा हिशोब समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, कपाटातून एक कोरी दोनशेपानी वही काढून माझ्या हातात दिली आणि गाण्याचे यापुढे त्यात लिहावे, असे सांगितले.