पोळ्याआधीचे तीस हजार

शिष्यवृत्तीचा पैसा जिथे जायला हवा होता तिथेच गेला. ज्या मुलीला तो दिला ती अमरावतीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑडिटरने पावतीवर खूण केली आणि पान उलटलं. म्हणजे आमच्या दफ्तरी हे प्रकरण केव्हाच मिटलं. माझ्या डोक्यात मात्र मिटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका शिष्यवृत्ती निधीचं काम बघतो. सरकारचा त्याच्याशी काही संबंध नाही. इथल्याच लोकांनी काढलेला, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला विश्वस्त निधी आहे. कापसाचे चुकारे सुरू झाले की कास्तकार क्विंटलमागे चार-पाच रुपये टाकतात. अडते, जिनिंगवाले, मास्तर मंडळी, पुण्याला नोकरीवर गेलेली पोरं आपापल्या परीने भर घालतात. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना दर सभेत अमेरिकेतली एक गोष्ट सांगायची असतेच. 1958 साली फॉल रिव्हर नावाच्या गिरणगावात आयर्विंग फ्रॅडकिन या चष्म्याच्या डॉक्टरने गावातल्या माणसांकडे एकेक डॉलर मागितला आणि त्या पैशातून गावातली पोरं कॉलेजात पाठवली. पुढे तसे गट त्या देशात गावोगावी निघाले. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. पण ती संपेपर्यंत चहा थंड होतो.

माझं काम म्हणजे अर्ज तपासणं आणि गृहभेटी. अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो आणि त्याचा उपयोग फक्त फाइल जाड करायला होतो. आमच्या तालुक्यात सगळ्यांचंच उत्पन्न 48,000 किंवा 60,000. दोन टिप्पर असलेल्या ठेकेदाराचंही तेवढंच. म्हणून घरी जाऊन बघावं लागतं. नवीन माणूस गेला की टीव्ही बघतो, फटफटी बघतो, स्लॅबचं घर दिसलं की नापास करतो. फटफटी हप्त्यावर असते आणि स्लॅब घरकुलाचा असतो. मी कापूस बघतो. एप्रिल-मेमध्ये घरात कापसाचा ढीग दिसला तर समजायचं, या घराला भाव वाढायची वाट बघणं परवडतं. ज्याचा कापूस डिसेंबरातच घराबाहेर गेला त्याच्या मागे कोणीतरी वसुलीला उभं आहे. मग विचारायचं, बियाणं कुठून आणलं? रोखीने की दुकानातून लिहून? या एका उत्तरात जे कळतं ते सातबाऱ्यातही सापडत नाही.

या मुलीच्या घरी मे महिन्यात सरकीचा दाणा नव्हता. पाच एकर कोरडवाहू, विहीर नाही. बारावी विज्ञान चांगल्या मार्कांनी पास, सीईटीत पर्सेंटाइल उत्तम. यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर आली. तरी बैठकीत दोन देणगीदारांनी कुरकुर केलीच. 2024 च्या जुलैत शासन निर्णय निघाला होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. "पोरींचं फुकट झालं ना, आता पोरांना द्या," असं त्यांचं म्हणणं. निर्णय चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विकास शुल्क, अनामत, होस्टेल, मेसचा पहिला महिना, गादी, बादली, ड्रॉइंगचं सामान यातलं काय माफ झालं? होस्टेलमध्ये राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे, तो महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरल्यावर सावकाश येतो. कॉलेजची खिडकी मात्र आजच्या आज मागते, आणि तेही ऑगस्टात. पोळ्याआधीचे दिवस म्हणजे कास्तकाराचा खिसा वर्षभरात सर्वांत कोरडा. पेरणीला होतं नव्हतं ते गेलेलं, निंदणाची मजुरी आणि खताचा दुसरा डोस डोक्यावर, कापूस फुटायला दिवाळी. आमच्या निधीची रक्कम लहान आहे. पण ती वेळेवर मिळते, आणि मला विचाराल तर आमचं जे काही मोल आहे ते त्या वेळेचंच. शेवटी तीस हजार मंजूर झाले.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते. कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर सीटही गेली आणि पुढच्या फेऱ्याही. कॉलेजने बावीस हजार भरायला सांगितले होते. आमचा ठराव असा की रोख द्यायची नाही, चेक बापाच्या नावे काढायचा नाही, रक्कम विद्यार्थ्याच्याच खात्यात. त्याप्रमाणे पैसे आदल्या संध्याकाळी जमा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा फोन. "भाऊ, पैसे त आले म्हन्तेत, पन बँक देत नाई म्हन्ते."

बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीणचे पहिले पैसे पडायला लागले होते, राखी तोंडावर होती. बाया पायऱ्यांपर्यंत बसलेल्या. मी पूर्वी एका पतसंस्थेत क्लार्क होतो (ती बुडाली, तो विषय वेगळा), त्यामुळे स्क्रीन उलटी असली तरी वाचता येते. खात्यावर होल्ड होता. मुलगी सतरा वर्षांची, खातं तिच्या नावाचं, पालक म्हणून वडील. वडिलांचं नव्वद हजारांचं पीककर्ज थकलेलं, आणि सिस्टीमने त्यांच्या नावाला जोडलेलं जे जे दिसलं त्या सगळ्याला कुलूप लावलेलं. बापाने स्वतःसाठी काढलेलं कर्ज पोरीच्या पैशातून वळतं करता येत नाही, हे मला माहीत होतं आणि मॅनेजरलाही. मॅनेजर ओडिशाचा, इथे येऊन वर्ष झालेलं. "आप सही बोल रहे हैं," तो म्हणाला, "पर होल्ड ब्रांच से नहीं हटेगा, रीजनल ऑफिस से हटेगा." लाडकी बहीणचे पैसे कर्जात वळते करू नका, असं सरकारने त्याच महिन्यात बँकांना बजावलं. आमच्या तीस हजारांसाठी कोण बजावणार?

तेवढ्यात कर्ज विभागातल्या क्लार्कने वडिलांना बाजूला घेतलं. गावचाच मुलगा, त्याचा हेतू वाईट नव्हता. तो म्हणाला, काका, व्याज भरा आणि नवंजुनं करून घ्या. इकडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जुनं कर्ज कागदावर फेडायचं आणि त्याच दिवशी वाढीव मर्यादेचं नवीन उचलायचं, म्हणजे खातं थकीतमधून बाहेर येतं. व्याज 17,200 रुपये होतं. ते भरलं की होल्ड उठेल आणि आठवड्यात एक लाख वीस हजारांचं नवीन कर्ज मंजूर होईल.

वडील माझ्याकडे बघत राहिले. पोरीने पाठीवरची बॅग पुढे घेतली, अलॉटमेंट लेटर काढलं, उलटं केलं आणि काउंटरला सुतळीने बांधलेल्या पेनाने मांडायला लागली. पेन चालेना, तर दोनदा तळहातावर घासून घेतलं. तीस हजारातून 17,200 गेले, उरले 12,800. कॉलेजला हवे बावीस. कमी पडतात 9,200. नवीन कर्जातून जुने नव्वद हजार वजा जाता हातात तीस हजार. त्यातून 9,200 परत केले की उरतात 20,800. त्यात खत, फवारणी आणि मेस. नाहीतर कॉलेजचे भरून उरणार फक्त आठ हजार आणि कर्ज थकीतच. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "काका, आठ दिवसासाठी नऊ हजार दोनशे कोनी देल्ले त सबनच सुटते."

हिशेबात चूक नव्हती. मी पतसंस्थेत इतकी वर्षं काढली, एवढं स्वच्छ मांडलेलं प्रकरण माझ्या टेबलावर क्वचितच आलं असेल. खातं नियमित राहिलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शून्य टक्के व्याज, ती सवलतही परत मिळाली असती. त्या सवलत योजनेलाही नाव पंजाबराव देशमुखांचंच. 1932 साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढणारा आणि पुढे दिल्लीत दहा वर्षं कृषिमंत्री राहिलेला माणूस. त्यांना वावर आणि शाळा वेगळी वाटली नाही. आमच्या ठरावाला वाटते.

कोषाध्यक्षांना फोन लावला. पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "ऑडिटला काय लिहू? शिष्यवृत्तीतून पीककर्जाचं व्याज?" मग जरा थांबून जे बोलले ते मात्र खरं होतं. "तो क्लार्क आठवडा म्हणतो. सर्च रिपोर्ट, पॅनेलचा वकील, बाकी बँकांचे नो ड्यूज. महिना लागला तर? मग पोरगी मेसचं काय भरणार?" माणूस खडूस आहे, पण आमच्या निधीचा एक रुपया आजवर इकडचा तिकडे झालेला नाही तो त्यांच्यामुळेच. राहिले 9,200. तेवढे त्या दिवशी माझ्या खात्यात होते. पण निधीच्या माणसाने अर्जदाराशी उसनवारीचा व्यवहार करायचा नाही, हा नियम आमच्याकडे आहे आणि तो का आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

मग निधीच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला. रक्कम शैक्षणिक, खातं अल्पवयीन मुलीचं, कर्जाशी संबंध नाही, सोबत मंजुरीचा ठराव आणि अलॉटमेंट लेटर. मॅनेजरने ते स्कॅन करून वर पाठवलं आणि नुसतं पाठवून बसला नाही. समोर बायांचा गलका चालू असताना रीजनल ऑफिसला फोन लावत राहिला, डबा तसाच बाजूला. गावात त्याला भाषा येत नाही म्हणून हसतात. दुपारी दोनच्या सुमारास होल्ड उठला. बावीस हजार कॉलेजच्या खात्यावर गेले. एका देणगीदार अडत्याच्या गाडीने बापलेक नेरमार्गे निघाले आणि पाचच्या आत पोचले. खिडकीवरच्या बाईंनी बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर नंबर घेतला, पावती फाडली. कोषाध्यक्षांचा मेसेज आला, "अभिनंदन. पावतीची झेरॉक्स घेऊन ठेवा."

खरं तर इथे संपायला हवं होतं. वार्षिक अहवालात एवढंच छापलं आहे, फोटोसकट.

नंतरचं मला गृहभेटीत कळलं. खताचा दुसरा डोस आणि औषधं वडिलांनी कृषी केंद्रातून लिहून आणली. दुकानदाराची अट नेहमीचीच, कापूस माझ्याकडेच यायचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नोंदणी करा, नंबर लावा, ओलावा बसतो का बघा, मग पैसे. एवढी उसंत देणेकऱ्याला कुठली? दुकानदाराने 6,600 लावला. कापूस चोवीस क्विंटल. मी गुणाकार केला. कॉलेजात भरले तेवढेच पैसे त्या वजनकाट्यावर गेले, शे-दीडशे इकडे तिकडे. वडिलांनी तक्रार केली नाही. "पोरगी लागली ना भाऊ," एवढंच म्हणाले आणि मला शेंगा बांधून दिल्या.

नवंजुनं झालं असतं तर दुकानाची पायरी चढावी लागली नसती, असं मी बैठकीत बोललो. कोषाध्यक्ष म्हणाले, "झालं असतं तर." तेही बरोबर. त्या क्लार्कची पुढे बदली झाली, आणि त्याचा आठवडा खरा ठरला असता की नाही हे आता विचारायला माणूसही नाही. अध्यक्षांनी फ्रॅडकिनची गोष्ट काढली. मी विचारलं, सर, त्या गावात पोरांच्या बापांवर पीककर्ज होतं का? गिरण्यांचं गाव होतं म्हणाले.

यंदाच्या अर्जात मी एक रकाना घालून घेतला. घरावरचं देणं, बँक, पतसंस्था, दुकान, खाजगी, वेगवेगळं. बहुतेकांनी 'निरंक' लिहिलं, कारण कर्जाची वाच्यता केली की शिष्यवृत्ती नाकारतील असं कोणीतरी सेतू केंद्रात सांगितलं. मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्जात मात्र रकाना भरून समासात गेला आहे, दुकानाच्या बाकीसकट, तिच्याच अक्षरात. ती आता अठराची झाली, अमरावतीला स्वतःचं खातं उघडलं, त्यामुळे होल्डची भीती नाही. बापाचं खातं अजून थकीतच आहे.

पुढच्या वर्षापासून जुन्या विद्यार्थ्यांची रक्कम मे महिन्यातच द्यावी, आणि ती घरच्या पीककर्जाच्या नवंजुन्याला वापरायची मुभा कुटुंबाला असावी, असा ठराव मी लिहून दिला आहे. मे महिन्यातच का, तर बिनव्याजी कर्जाची फेड 30 जूनच्या आत व्हावी लागते. रविवारी बैठक आहे. अजेंडा काल आला. माझा ठराव त्यात नाही. विचारलं तर कोषाध्यक्ष म्हणाले, ऐनवेळच्या विषयांत घेऊ.