पावसाळ्याआधी घराची डागडुजी: आधी पाण्याचा रस्ता, मग वॉटरप्रूफिंग

मे महिना अर्धा सरला की हार्डवेअरच्या दुकानात वॉटरप्रूफिंगच्या बादल्यांना मागणी येते. गच्ची झाडायची, वर पांढरा रंग फासायचा आणि निश्चिंत व्हायचं. दोन पावसाळ्यांत त्या रंगाचे पापुद्रे सुटतात आणि छताला पुन्हा ओल येते. कारण साधं आहे: स्लॅब मधोमध फार क्वचित गळतो. पाणी शिरतं ते कडेने, कठड्याच्या सांध्यातून, पाइपाभोवतीच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीखालून. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी वाहून जाण्याची सोय, मग उतार, मग सांधे, आणि रसायनाचा थर अगदी शेवटी.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोचतो, तळकोकणात आणि गोव्यात त्याच्याही आधी, आणि वळवाच्या सरी तर मे महिन्यातच गाठतात. सिमेंटचं काम मार्च-एप्रिलमध्येच उरकायला हवं, कारण ते मुरायला आणि मग पूर्ण सुकायला वेळ लागतो. मे अखेरीस फक्त सफाई आणि तपासणी उरली पाहिजे.

किती पाणी येतं?

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर भरते. दिवसभरात १०० मिमी पाऊस झाला, आणि कोकणपट्टीत तो दर पावसाळ्यात होतोच, तर त्या गच्चीवर ९,३०० लिटर पाणी पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. त्या हिशेबाने याच गच्चीवर जवळजवळ ८८,००० लिटर. हे सगळं पाणी कोपऱ्यातल्या दोन-तीन भोकांतून खाली जायचं असतं.

१०० मिमी व्यासाचा पाइप, तासाला १०० मिमी वेगाने पाऊस पडत असताना, साधारण ४० चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो. म्हणजे वरच्या गच्चीला तीन पाइप हवेत. दोनच असतील तर त्यातला एकही अर्धवट तुंबून चालणार नाही. प्रत्येक पाइपात वरून दोन भरलेल्या बादल्या एकदम ओता आणि खाली दुसऱ्या माणसाला उभं करा. पाणी लगेच आणि जोरात आलं पाहिजे. वर थबकलं, गुडगुड आवाज करत हळू उतरलं, तर बहुधा खालच्या वाकात पानं, पिसं, सिमेंटचा गाळ किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं. वरून काठी खुपसू नका, अडथळा आणखी घट्ट बसतो. खालच्या वाकाचं झाकण उघडून तिथून साफ करा.

तोंडावरची सपाट जाळी बदलून घुमटाकार बसवा. सपाट जाळीवर पिंपळाची चार पानं चिकटली की वाट बंद. घुमटाकार जाळीत तळाला पानं साचली तरी वरच्या बाजूने पाणी जात राहतं.

उतार आणि डबकी

पाइपाच्या दिशेने मीटरला १ सेंटीमीटर उतार पुरतो. गच्चीवर नळीने पाणी सोडा, वाहून जाऊ द्या, आणि अर्ध्या तासाने जिथे डबकं उरेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. तो खोलगट भाग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरा. नुसत्या सिमेंट-वाळूचा पातळ थर जुन्या कोब्याला (स्लॅबवरच्या सिमेंटच्या घट्ट थराला) धरत नाही. उन्हात तापून तो कडेने उचलला जातो आणि त्याच्याखाली पाणी साठून राहतं.

कठड्याचा सांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. दिवसा उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो. त्यावर उभी असलेली विटांची भिंत तशीच्या तशी हलत नाही. रोजच्या या ओढाताणीत दोघांच्या जोडावर केसाएवढी चीर पडते. वाऱ्याने पाणी त्या कोपऱ्यात ढकललं गेलं की चिरेतून आत शिरतं आणि कधी कधी चार-पाच फूट लांब, भलत्याच खोलीच्या छतावर दिसतं. ओल जिथे दिसते तिथेच वर गळती असेल असं गृहीत धरू नका.

या कोपऱ्यात गवंडी मसाल्याचा तिरपा गोलाकार भराव करतात, त्याला वाटा म्हणतात. तो नसेल तर करून घ्या, असेल तर नाण्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तो भाग फोडून काढा. चीर असेल तर ती आधी इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात १० मिमी खोल कापा. चिरेवर नुसता मसाला फासला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा तडकतो. धूळ ब्रशने पूर्ण काढा, जागा ओली करा, पॉलिमर मसाल्याने भरा. त्यावर सिमेंटला एक, वाळूला तीन या प्रमाणात ७५ मिमीचा वाटा. सात दिवस पाणी मारा, मग पूर्ण सुकू द्या.

सुकलं की नाही हे नजरेने कळत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीला चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल तर थांबा. ओल्यावर लावलेल्या थराखाली वाफ अडकते आणि फुगे येतात.

वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे थर दोन द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं आणि सिमेंट किती मिसळायचं हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. ब्रश सहज फिरावा म्हणून जादा पाणी घालणं हा सर्वात सर्रास होणारा घोळ आहे. वाट्यावर दोन थरांच्या मधे १५० मिमी रुंद फायबरची जाळी दाबून बसवा आणि थर कठड्यावर फूटभर वर चढवा. पाइपाच्या तोंडात तो थोडा आत उतरवा, नाहीतर पाणी पाइप आणि स्लॅबच्या मधून जातं.

कठड्याचा माथाही बघा. त्याचा उतार गच्चीकडे हवा. बाहेर असेल तर सगळं पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं. भेगेत पिंपळाचं किंवा वडाचं रोप दिसलं तर नुसतं छाटू नका, ते पुन्हा फुटतं. प्लास्टर फोडून मूळ काढा आणि खड्डा भरा.

शेवटी पाइपांची तोंडं बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास ठेवा. त्याहून जास्त भरू नका. २५ मिमीचंच वजन दर चौरस मीटरला २५ किलो होतं. उन्हाने पातळी थोडी उतरणारच, म्हणून वर मोजत बसण्यापेक्षा खालचं छत बघा. पाणीटंचाई असेल तर मातीचं आळं करून एकेक कोपरा तपासा.

खिडक्या आणि बाहेरची भिंत

जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येचा, त्यामुळे मार पश्चिमेच्या भिंतीला. परतीच्या पावसात मात्र पूर्वेकडून झड येऊ शकते. पावसाळाभर कोरडी राहिलेली खोली ऑक्टोबरमध्ये भिजते ती बहुधा यामुळे.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. पट्टीत आलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. धुळीने ती बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत सांडतं. बारीक तारेने ती मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ओतून बघा. ‘इथूनच पाणी येतंय’ म्हणून हीच भोकं सिलिकॉनने बुजवलेली फार घरांत दिसतात. सिलिकॉन लावायचं ते चौकट आणि भिंत यांच्या बाहेरच्या फटीत, जुनं पूर्ण खरवडून, कोरड्या जागेवर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर किंवा संगमरवरावर नीट धरत नाही. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या.

केबल आणि एसीच्या पाइपांची भोकं बाहेरच्या बाजूला उतरती हवीत. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, वायरीवरून घरात येत नाही.

बाहेरून पाणी येत असताना आतल्या भिंतीला वॉटरप्रूफ रंग देणं व्यर्थ आहे. भिंतीतला ओलावा त्या रंगाला मागून ढकलतो, लोणा (पांढरे क्षार) फुटतो आणि रंग सोलला जातो.

कौलारू घर असेल तर

शाकारणीची वेळ एप्रिल-मे. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची, आणि वर चढलोच आहोत तर रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, नखाने टोचून बघायच्या. भुसभुशीत लागली तर वाळवी किंवा कूज. कोनाच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या, कौलांखालचा मसाला बहुतेक वेळा सुटलेला असतो, तिथूनच माळ्यावर पाणी येतं. पन्हळीतला पाचोळा काढा आणि तिचा झोक पाण्याच्या तोंडाकडेच आहे ना ते पाहा. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून साचत असेल तर चर काढून ते दूर न्या.

विजेच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ‘टेस्ट’चं बटण दाबा, वीज लगेच तुटली पाहिजे. नाही तुटली तर पावसाआधी ते बदला. ओल आलेल्या भिंतीवरचं स्विचबोर्ड वायरमनला दाखवल्याशिवाय वापरू नका.

सोसायटीत राहत असाल तर गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चाने होते. अर्ज लेखी, फोटोंसह आणि फेब्रुवारीत द्या. दरपत्रकं, बैठक, ठराव यात दोन महिने सहज जातात.

पहिला जोराचा पाऊस थांबला, वीज चमकत नाही याची खात्री झाली, की एकदा गच्चीवर जा. कुठे पाणी थांबलंय तिथे ऑइल पेंटने खूण करा; खडू धुऊन जातो. घरात ओल दिसेल त्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. डाग रेघेबाहेर वाढतोय की तिथेच आहे, यावरून गळती चालू आहे की मार्चमधल्या कामाने ती थांबली हे कळतं, आणि ऑक्टोबरनंतर गवंड्याला नेमकी जागा दाखवता येते.