संगणक उठून गेल्यावर

घरातल्या कामाच्या टेबलावरून डेस्कटॉप हलवून त्याच्या जागी लॅपटॉप आणि डॉक, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, वीज हे सारे एकाच केबलीने लॅपटॉपला जोडून देणारी छोटी पेटी, आणली, तरी दूरून पाहणाऱ्याला काही बदलले आहे असे वाटत नाही. तोच मोठा मॉनिटर, तोच हाताला सरावलेला कीबोर्ड, तोच माऊस. नाहीसा होतो तो फक्त टेबलाखालचा खोका, ज्याला सगळे घर ‘सीपीयू’ म्हणत असते आणि ज्याला पाय लागला की दचकायला होते. सर्वात महत्त्वाची वस्तू गेली आणि टेबल मात्र जसेच्या तसे राहिले, ही गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात सर्वात विचार करण्याजोगी वाटली.

मी हा बदल केला तो हौसेपेक्षा कंटाळ्याने. बाहेर नेण्यासाठी लॅपटॉप आणि घरी बसण्यासाठी डेस्कटॉप अशी दोन बिऱ्हाडे सांभाळताना हवी ती फाईल नेमकी दुसऱ्या यंत्रावर असायची. आणि दोन्हीकडची अपडेट, दोन्हीकडचे पासवर्ड, दोन्हीकडचे अँटीव्हायरस यांची उस्तवार करण्यात कामाचा वेळ जायचा. मग नुसता लॅपटॉपच का वापरू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लॅपटॉपच्या घडणीत आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बिजागरीने जोडलेले असतात, त्यामुळे पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर हात खांद्यापर्यंत वर उचलावे लागतात आणि हात सुखात ठेवले तर मान खाली जाते. तासाभराच्या कामात हे जाणवत नाही. दिवसभराच्या कामात मान आपले म्हणणे स्पष्टपणे मांडते. डॉकचे खरे काम ही बिजागरी मोडून काढण्याचे आहे, वेगाशी किंवा डौलाशी त्याचा फारसा संबंध नाही.

ही कल्पना काही आजची नव्हे. १९९२ साली ॲपलने ‘पॉवरबुक ड्युओ’ नावाचे छोटे लॅपटॉप काढले, तेव्हा त्यांच्यासोबत ‘ड्युओ डॉक’ नावाचे एक पेटीवजा यंत्रही होते. मिटलेला लॅपटॉप त्याच्या तोंडात सरकवला, की व्हिडिओ कॅसेटसारखा तो मोटरच्या साहाय्याने आत ओढला जाई आणि वर ठेवलेल्या मोठ्या मॉनिटरवर काम सुरू होई. पुढे अनेक वर्षे बहुतेक डॉक ज्या त्या कंपनीच्या ज्या त्या मॉडेलपुरतेच असत. लॅपटॉप बदलला की डॉकही निकालात. २०१४ मध्ये यूएसबी-सीचे, म्हणजे उलटसुलट कसेही बसणाऱ्या छोट्या जोडणीचे, मानक आले आणि हळूहळू हे चित्र पालटले. आता वीज, चित्र, आवाज, इंटरनेट आणि माऊसची हालचाल हे सारे एका बोटभर जाडीच्याही नसलेल्या केबलीतून ये-जा करते.

मात्र या केबलीवर डोळे झाकून विश्वास टाकू नये. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन केबलींपैकी एक सेकंदाला ४८० मेगाबिटांवर थांबते आणि दुसरी ४० गिगाबिट वाहून नेते. एक चित्र नेते, दुसरी नुसतीच चार्जिंग करते. आणि हे सांगणारी खूण बऱ्याचदा केबलीवर नसतेच. लॅपटॉपवरच्या भोकांचेही तसेच. आकार एकच असला तरी त्यातून मॉनिटरसाठी चित्र बाहेर येईलच असे नाही. शिवाय यूएसबी-सीमधल्या वेगवान वाटा मोजक्याच असून त्या चित्र आणि इतर माहिती यांच्यात वाटून घ्याव्या लागतात. म्हणूनच जुन्या लॅपटॉपला साधा डॉक आणि त्याला फोरके, म्हणजे फार बारीक ठिपक्यांचे चित्र दाखवणारा, मॉनिटर जोडला, की चित्र सेकंदाला साठऐवजी तीस वेळाच ताजे होते. आकड्यात ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण माऊस हलवून पाहावा. बाण हाताच्या किंचित मागे राहतो, अडखळत पुढे येतो आणि मजकूर वर सरकवताना अक्षरांना थरथर सुटते. कारण ठाऊक नसलेला माणूस अशा वेळी माऊसचे सेल बदलत बसतो.

विजेचे गणितही असेच आधी मांडून घ्यावे. साठ वॅट देणारा डॉक हलक्या लॅपटॉपला पुरतो, परंतु चित्रांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेले जड यंत्र त्यावर चालवले, तर चार्जिंगची खूण दिसत असतानाही बॅटरी हळूहळू उतरत जाते. उलट, सतत जोडून ठेवलेल्या हलक्या लॅपटॉपची अडचण निराळी: लिथियम-आयन बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि वर गरम राहिली, की लवकर थकते. त्यासाठी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपांत असते, ती सुरू करून टाकावी.

लॅपटॉपचे झाकण मिटावे की उघडे ठेवावे, हा प्रश्न फार लहान असला तरी रोजचा आहे. मिटले तर टेबल मोकळे दिसते, पण विंडोजमध्ये झाकण मिटताच यंत्र झोपते, म्हणून आधी सेटिंग बदलावे लागते. पॉवरचे बटण आत असते, ते दाबायला सकाळी झाकण उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. आणि कॅमेराही त्याच झाकणात अडकलेला. उघडे ठेवून लॅपटॉप बाजूला सरकवला, तर बैठकीतल्या लोकांना आपला एक कान आणि कुठेतरी पलीकडे लागलेली नजर एवढेच दिसते. शेवटी वेगळा कॅमेरा घेऊन मॉनिटरच्या माथ्यावर बसवणे भाग पडते.

वीज गेल्यावरचा देखावा मात्र डेस्कटॉपवाल्याने कधी पाहिलेला नसतो. पूर्वी यूपीएस केकाटू लागे आणि फाईल वाचवण्याची धावपळ उडे. आता मॉनिटर विझतो, डॉकचा दिवा जातो, वायरचे इंटरनेट तुटते आणि मोठ्या पडद्यावर ऐसपैस पसरलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर एकमेकींच्या अंगावर येऊन पडतात. लिहिलेला मजकूर मात्र जिथल्या तिथे असतो. खिडक्या परत आपापल्या जागी नेऊन ठेवण्याचा त्रास मी या एका कारणासाठी आनंदाने सोसतो.

गेलेल्या खोक्याबद्दल खंत वाटते ती त्याच्या उघडेपणाची. चार स्क्रू काढले की आतले सगळे समोर असे. पंख्यावरची धूळ ब्रशने झाडता येई, रॅम वाढवता येई, आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस जळाला तर तेवढाच बदलता येई. आजच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, त्यामुळे विकत घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. जड व्हिडिओ संपादन किंवा तासन्‌तास चालणारी आकडेमोड करणाऱ्याने तर या वाटेला जाऊच नये, कारण पातळ अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकता आली नाही की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो.

लिखाण, हिशेब, पत्रव्यवहार आणि बैठका एवढाच पसारा असेल, तर मात्र पैसे कुठे घालायचे याचा क्रम उलटा लावावा लागतो. पूर्वी सगळी किंमत खोक्यासाठी मोजली जाई आणि उरल्यासुरल्या पैशांत मॉनिटर येई. आता यंत्र काही वर्षांनी बदलणार हे धरूनच चालायचे आहे. चांगला मॉनिटर, बोटांना मानवणारा कीबोर्ड आणि पुरेशी वीज देणारा डॉक आधी घ्यावा, कारण पुढचा लॅपटॉप येईल तोही याच टेबलावर, बहुधा याच केबलीला जोडला जाईल. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला दुपारी तासभर बसायचे असेल, तर त्यालाही आपले यंत्र घेऊन येऊन ते तिथे जोडण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.