कोरं पातं

ज्यांनी कसलीच तयारी केलेली नसते त्यांच्या गाड्या मी उघडून देतो आणि विसरून जातो. ही गाडी विसरता येत नाही, कारण त्या ताईंची तयारी चोख होती. दुसरी चावी करून घेतलेली होती आणि ती पर्समध्ये होती. तिचा सेल नुकताच बदललेला. फोनवर गाडी उघडायचं ॲप. मदतीसाठीचा नंबरही गाडीतल्या पुस्तिकेत नाही, फोनमध्ये. आणि तरीही रुग्णालयाच्या तळघरात, बंद गाडीपुढे त्या उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर यजमानांना घरी सोडायचे कागद तयार होते. त्यांची घडीची व्हीलचेअर डिकीत होती.

मी चाव्या बनवतो आणि अडकलेल्या गाड्या उघडतो. फोन आला की निघण्याआधी मी दोन गोष्टी बघायला सांगतो. रिमोटचं बटण दाबल्यावर त्यावरचा बारीक दिवा लागतो का? आणि काचेला डोळा लावून पाहिलं तर डॅशबोर्डवरचा चोरीच्या इशाऱ्याचा लाल दिवा लुकलुकतो का? रिमोटचा दिवा लागत होता. डॅशबोर्डवर काळोख होता. म्हणजे चावी ठणठणीत, गाडीच गेलेली.

हा फरक लोकांना कुणी समजावत नाही. बटण न दाबता उघडणाऱ्या गाडीत बोलायला सुरुवात गाडीकडून होते, चावीकडून नव्हे. तुम्ही मुठीला हात लावता, दारातली अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा मंद संकेत सोडते. तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोचतो. तेवढ्यात चावी असेल तर ती जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर, काही देशांत ३१५ वर, उत्तर देते. चावीचा सेल संपला असेल तर गाडी विचारत राहते आणि उत्तर येत नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी बसली असेल तर मुळात प्रश्नच विचारला जात नाही. पहिल्या दुखण्यावर सेल बदलावा, किंवा चावीच्या पोटातल्या धातूच्या पात्याने दार उघडून चावी स्टार्ट बटणाला टेकवावी. तिच्यातली चिप सेलशिवायही वाचता येते. दुसऱ्या दुखण्यावर नव्या सेलचा काडीचाही उपयोग नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्याही याला अपवाद नाहीत. खालची मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी बहुतेकांची दारं त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात.

ॲपचंही तेच. तळघरात नेटवर्क नव्हतं, पण असतं तरी काय होतं? निरोप घेणारं गाडीतलं यंत्र त्याच बॅटरीवर जगतं. मुठीला हात लावणं, रिमोटचं बटण आणि ॲप, असे ताईंकडे दार उघडायचे तीन मार्ग दिसत होते, प्रत्यक्षात तिन्ही एकाच बॅटरीला बांधलेले होते.

मी पोचलो तेव्हा भोवती माणसं जमली होती. एकाने खिडकीच्या रबरात पट्टी घालायची तयारी केली होती, त्याला आधी थांबवलं. आताच्या दारांत एअरबॅगच्या सेन्सरच्या वायरी असतात, आंधळेपणाने पट्टी फिरवली तर दार उघडत नाही आणि नुकसान मात्र होतं. दुसऱ्याने टेनिस बॉलला भोक पाडून हवा मारायचा व्हिडिओ दाखवला. लॉक हवेने उघडत नाही, तो व्हिडिओ बनवणाऱ्यांनी किती लोकांचा वेळ खाल्ला असेल देव जाणे. तिसरा म्हणाला, काच फोडा. आत मूल असतं तर मीच फोडली असती, एक क्षण न दवडता, मुलापासून सर्वात लांबची. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांत तापमान साधारण दहा अंशांनी चढतं, बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. तिथे कसबाचा प्रश्नच येत नाही. इथे आत व्हीलचेअर होती आणि तळघर थंड होतं.

मालकी पटल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही, समोर रडणारा माणूस असला तरी. कागद नेहमीप्रमाणे गाडीत. ताईंच्या फोनमध्ये मात्र विम्याच्या कागदाची प्रत होती, नाव ओळखपत्राशी जुळलं. इतकी नेटकी माणसं फार कमी भेटतात.

मग मी त्यांच्याकडून ती दुसरी चावी मागितली. बहुतेक प्रत्येक रिमोट चावीच्या पोटात हे धातूचं पातं असतं. कडेची खिट्टी सरकवली की ते बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीशेजारी एक छोटं झाकण असतं, त्याखाली चावीचं भोक. हे असतं हेच निम्म्या मालकांना ठाऊक नसतं. ताईंना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "दादा, मी घालून पाहिली, फिरतच नाही. जोर करायची भीती वाटली." मी पातं काढून बोटाने चाचपलं. गुळगुळीत. एकही खाच नाही. चिप गाडीला जोडून दिली होती, बटणं चालत होती, आणि पातं कारखान्यातून आलं तसंच कोरं होतं.

खाचा कापलेली मूळ चावी गाडीच्या आत, डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. "एक चावी गाडीतच असलेली बरी" असं घरात कुणीतरी सुचवलं होतं. काही गाड्या अशा वेळी लॉक व्हायला नकार देतात, काही दुसऱ्या रिमोटने बटण दाबलं की होतात. ही झाली होती.

आता उरलं ते कुलूप हाताने वाचणं. दाराच्या फटीत हवेची पिशवी फुगवून लांब सळईने आतली मूठ ओढायची सोय असते, पण ही गाडी रिमोटने लॉक केल्यावर डेडलॉक होणारी. तिची आतली मूठही मग निकामी. शिवाय चौकट जराशी जरी वाकली तरी पुढे पावसात पाणी आत येतं. मला ते काम आवडत नाही.

या कामाचं हत्यार म्हणजे लिशी. एकाच पट्टीत कुलूप उघडायचीही सोय आणि वाचायचीही. पट्टी भोकात घालायची, हलकासा पीळ द्यायचा आणि टोकाने एकेक पत्री, म्हणजे चावीच्या खाचेप्रमाणे सरकणारी कुलपातली पातळ पट्टी, चाचपायची. जी पत्री अडून बसलेली असते ती बोटाला कडक लागते, तिला केसभर ढकललं की हलकी टिक जाणवते. ऐकू येईलच असं नाही, बोटातच कळते. मग पुढची. या कुलपाची अडचण निराळी होती: गाडी घेतल्यापासून त्यात चावी गेलीच नव्हती. पत्र्या धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने जाम. अडलेली पत्री कुठली आणि नुसती चिकटलेली कुठली, हे वेगळं काढता येईना. पीळ सोडला, कोरडं वंगण मारलं, थांबलो, पुन्हा पहिल्यापासून. मागे माणसं अधीर होत होती. अशा वेळी पीळ वाढवायचा मोह होतो आणि तिथेच सगळं बिघडतं. शेवटची पत्री बसली आणि सिलिंडर फिरला तेव्हा ताई मोठ्याने "झालं!" म्हणाल्या. पट्टी बाहेर काढण्याआधी प्रत्येक पत्रीची खोली पट्टीवरच्या खुणांवरून वाचून कागदावर उतरवली. ते आकडे म्हणजेच चावी.

दार उघडल्यावर बोनेटची खिट्टी ओढली. ती अजून तारेवर चालते, नशीब. मीटर लावला तर चार व्होल्टच्या आसपास, जिथे धडधाकट बॅटरी १२.६ दाखवते. इतक्या खाली गेलेली बॅटरी जंप पॅकला, म्हणजे बाहेरून वीज देणाऱ्या डब्याला, बॅटरी म्हणून ओळखूच येत नाही, त्यावरचं सक्तीचं बटण दाबावं लागतं. ताईंना आधीच सांगून ठेवलं की वीज आली की भोंगा वाजेल, कारण दार रिमोटशिवाय उघडलं आहे. वाजलाच. चावी स्टार्ट बटणाजवळ नेऊन गाडी चालू केली आणि तो थांबला.

बॅटरी कशाने बसली? डॅशकॅमची वायर थेट फ्यूज बॉक्सच्या कायम चालू लाइनला जोडलेली होती, गाडी बंद असली तरी तो रेकॉर्डिंग करत राहायचा. मुख्य दोष त्याचाच असावा. आत राहिलेल्या चावीने गाडीला अधूनमधून जागं ठेवलं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चावी गाडीत किंवा गाडीला खेटून ठेवू नये, एवढं मी सगळ्यांना सांगतो. त्याने चावीचा सेल झिजतो आणि गाडीच्या बॅटरीवरही भार पडू शकतो.

व्हीलचेअर वर गेली. तेवढ्या वेळात मी माझ्या गाडीतल्या मशीनवर ते कोरं पातं कापलं. ताई परत आल्यावर त्यांच्या हाताने दार लावून उघडायला लावलं. पातं घातलं, फिरवलं, सुरळीत. तेव्हा त्यांनी विचारलं, "मी अजून काय करायला हवं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसरी चावी बनवून घेताना कुणी तिची खाच तपासतं का? ती तपासायची जबाबदारी बनवणाऱ्याची होती. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि मला त्याचा संताप येतो. चिप जोडायला लॅपटॉप पुरतो, पातं कापायला वेगळं मशीन लागतं आणि वेळ जातो. ग्राहक बटण दाबून पाहतो, गाडी उघडते, पैसे देतो. पातं कधी लागणारच नाही या भरवशावर ते तसंच सोडलं जातं. आणि ते लागतं ते नेमकं बाकी सगळं मेलेलं असताना.

गाडी बनवणाऱ्यांचंही कौतुक करावं असं काही नाही. नवी गाडी हाती देताना फोन जोडून गाणी कशी लावायची ते दाखवतात, झाकणाखालचं भोक दाखवत नाहीत. काहींनी तर ते भोक असं लपवलं आहे की मलाच शोधावं लागतं. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांच्या दारांना यांत्रिक मूठ सक्तीची केली, ते वाचून मला खरोखर बरं वाटलं.

ताईंना मी एक साधी चावीही कापून दिली. चिप नाही, रिमोट नाही, नुसतं धातूचं पान. तिने गाडी सुरू होत नाही, फक्त दार उघडतं. ती यजमानांच्या पाकिटात ठेवा म्हटलं. डॅशकॅमची वायर गाडी बंद झाल्यावर बंद पडणाऱ्या लाइनवर घ्यायला सांगितलं, आणि महिन्यातून एकदा दार पात्याने उघडा, म्हणजे पत्र्या चिकटणार नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडे कुठल्याही कामाला आलेल्या गिऱ्हाइकाला मी दुसरी चावी काढून पातं दाखवायला सांगतो. कोरी पाती निघतात. एकाच्या चावीत पात्याची जागाच रिकामी होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या ताईंची चावी ज्याने बनवली त्याचा नंबर त्यांनी मला दिला आहे. त्याच्या हातून गेलेल्या बाकीच्या चाव्या कुणाकुणाच्या पर्समध्ये आहेत ते फक्त त्यालाच ठाऊक. त्याला फोन करायचा तर भांडायला करायचा की ती सगळी गिऱ्हाइकं परत बोलाव म्हणून विनवायला, एवढंच अजून ठरत नाही.