बड्स अन् पावसाची झड
आज वावरात निंदण चालू होतं अन् मधातच झड लागली, चुलतभावाच्या कानात बड्स (बिनवायरचे इअरफोन), म्हणे वॉटरप्रूफ हाय, काई होत नाई. अरे बावा, खोक्यावर आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहेल हाय, म्हणजे फक्त शिंतोडे झेलते, बुडवाले आयपीएक्स७ पाह्यजे, ते बी साध्या पाण्यात १ मीटरपर्यंत ३० मिनिटं. अन् बड्सच्या चार्जिंगच्या डबीले तर बहुतेक काहीच रेटिंग नसते, ओले बड्स तसेच तिच्यात टाकले की चार्जिंगच्या पिना गंजतात, घाम त्याहून बेकार. वहिनीनं तांदळाचा डबा काढला, मी म्हटलं राहू द्या, भुकटी बड्सच्या जाळीत बसते. दुपट्ट्यानं पुसून पंख्याखाली ठेवले, उद्यापर्यंत चार्जिंग बंद. गड्याले आता गाण्याबिगर करमत नाई, माह्या बड्सवर डोळा हाय 😄